राष्ट्रांविरुद्धच्या देववाणी वाचायच्या कशा? संदेष्ट्यांची पुस्तकं नव्याने उघडणाऱ्यांसाठी

बायबलातल्या यशयाच्या पुस्तकात १३व्या अध्यायापाशी बरेच वाचक गळतात. आधीच्या बारा अध्यायांत निदान नाताळात कानावर पडलेल्या ओळी भेटतात. मग अचानक बाबेल, पलिष्टी, मवाब, दिमिष्क, कूश, मिसर, अदोम, सोर अशी रांग लागते आणि २३व्या अध्यायापर्यंत आग, ओसाडी, कोल्हे आणि घुबडं. पुढे यिर्मया ४६ ते ५१ मध्ये तेच, यहेज्केल २५ ते ३२ मध्ये तेच, आमोसाची सुरुवातही तीच. नहूम आणि ओबद्या ही पुस्तकं तर एवढ्यासाठीच लिहिलेली. वगळून पुढे जायचं म्हटलं तर संदेष्ट्यांच्या लिखाणाचा मोठा हिस्सा हातचा जातो.

हे अध्याय मी आधी एकट्याने वाचले, मग वाचनगटाबरोबर. गटात येणारा प्रत्येक नवा माणूस साधारण त्याच तीन-चार जागी अडकतो. त्या जागा कुठल्या आणि तिथून पुढे कसं सरकायचं, ते इथे लिहितोय. श्रद्धेने वाचणाऱ्याला ही वाट चालेल, नुसत्या इतिहासाच्या ओढीने वाचणाऱ्यालाही चालेल.

सुरू करण्याआधी एकच गोष्ट पक्की करा. वाणी मवाबावर असली तरी समोर मवाबी माणूस बसलेला नव्हता. ऐकणारे होते यरुशलेमात (दक्षिणेच्या यहूदा राज्याची राजधानी), शोमरोनात (उत्तरेच्या इस्राएल राज्याची), नाहीतर बाबेलजवळच्या बंदिवानांच्या वस्तीत. म्हणून प्रत्येक वाणीला दोन प्रश्न विचारायचे: ही कोणावर आहे, आणि कोणापुढे बोलली गेली? दुसरा प्रश्न विचारायचा राहिला की सगळं नुसते शिव्याशाप वाटायला लागतं.

काय काय लागेल

- मराठी बायबलच्या दोन वेगळ्या आवृत्त्या. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र आणि जोडीला सोप्या मराठीतलं एखादं भाषांतर. मिळालं तर पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतरही ठेवा. अडलेल्या जागी तिसरं मत उपयोगी पडतं.
- प्राचीन पश्चिम आशियाचा नकाशा. बायबलच्या शेवटच्या पानांवर बहुतेकदा असतो. त्याची मोठी झेरॉक्स काढा, कारण त्यावर रेघा मारायच्या आहेत.
- एक वही आणि दोन रंगांच्या पेन्सिली.
- सहा-सात तारखांची चिठ्ठी. ती खाली तिसऱ्या पायरीत आहे.

हिब्रू यायलाच हवी असं नाही. जाडजूड भाष्यग्रंथही पहिल्या वाचनाला नकोत. आणि 'शेवटच्या काळाची चिन्हं' सांगणारे व्हिडिओ तर हे सगळं वाचून होईपर्यंत बंदच ठेवा.

१. सुरुवात यशयापासून नको, आमोसापासून करा

आमोस हा यहूदातल्या तकोवा गावचा. मेंढरं पाळणारा आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा. काळ इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्याचा. यहूदात उज्जीया राजा आणि उत्तरेकडच्या इस्राएलात दुसरा यराबाम. उत्तरेत त्या वेळी सुबत्ता होती, सरहद्दी वाढलेल्या होत्या. अशा वेळी हा दक्षिणेचा माणूस वर येऊन बोलतो.

पहिले दोन अध्याय मोठ्याने वाचा. प्रत्येक वाणी एकाच साच्यात सुरू होते: अमक्याच्या तीन अपराधांमुळे, चार अपराधांमुळे मी शिक्षा मागे घेणार नाही. पहिला नंबर दिमिष्काचा. गुन्हा असा की त्यांनी गिलादाला, म्हणजे यार्देन नदीपलीकडच्या इस्राएली मुलखाला, लोखंडी अवजारांनी मळलं. खळ्यावर कणसं पसरून त्यावरून दातेरी फळी ओढतात, तशी ती माणसांवरून ओढली. मग गज्जा: अख्खीच्या अख्खी वस्ती पकडून अदोमाला विकली. सोर: तोच धंदा, वर भाऊबंदकीचा करार विसरून. अदोम: भावामागे तलवार घेऊन लागला. अम्मोन: सरहद्द वाढवण्यासाठी गिलादातल्या गर्भवती बायकांची पोटं फाडली. मवाब: अदोमाच्या राजाची हाडं जाळून चुना केला.

मवाबापाशी थांबा. इथे इस्राएलाचं काहीही बिघडलेलं नाही. एका परक्या राजाने दुसऱ्या परक्या राजाच्या प्रेताची विटंबना केली, आणि तरी इस्राएलाचा देव त्याचा हिशोब मागतो. शिवाय या सहा राष्ट्रांपैकी कोणालाही 'तुम्ही माझी उपासना केली नाही' असा आरोप नाही. आरोप आहेत ते युद्धातल्या क्रौर्याचे, माणसं विकण्याचे, करार मोडण्याचे. वहीत हे ठळक लिहून ठेवा, पुढे लागेल.

आता श्रोत्यांकडे बघा. दिमिष्क म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा शत्रू; माना डोलल्या असतील. गज्जा, सोर, अदोम, प्रत्येक नावाला दाद वाढली असेल. सातवं नाव यहूदाचं, म्हणजे सख्ख्या पण भांडखोर भावाचं. त्यावर तर टाळीच. कीर्तनकार बुवा आधी शेजारच्या गावाला टोले हाणून हशा मिळवतात आणि मग उपरणं सावरून समोर बसलेल्या पाटलाकडे वळतात, तसा आमोस आठव्या वेळी वळतो: इस्राएलाच्या तीन अपराधांमुळे, चार अपराधांमुळे. बाकीच्यांना दोन-तीन वचनं मिळाली होती, इस्राएलाला अकरा. आणि अपराध काय? धार्मिकाला रुप्यासाठी विकलं, गरिबाला एका जोड्याच्या किमतीला. परक्यांचा गुन्हा युद्धभूमीवरचा, यांचा घरच्या बाजारातला.

या दोन अध्यायांवर एक अख्खी बैठक द्या. घाई केलीत तर पुढचे पंचवीसेक अध्याय नीट लागणार नाहीत.

२. नकाशावर रेघा मारा

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण टाळू नका. आमोसाची पहिली चार नावं घ्या. दिमिष्क ते गज्जा एक सरळ रेघ मारा: ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे. सोर ते अदोम दुसरी मारा: वायव्येकडून आग्नेयेकडे. रेघा एकमेकींना छेदतात ती जागा इस्राएलाच्या राज्यात, शोमरोनपासून फार लांब नाही. पुढची नावं, अम्मोन, मवाब, यहूदा, त्या जागेला आणखी वेढा घालतात. कवीने हे ठरवून केलं की नाही यावर वाद घालता येईल. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

सफन्याच्या दुसऱ्या अध्यायात हाच प्रकार चार दिशांनी आहे. पश्चिमेला पलिष्टी, पूर्वेला मवाब-अम्मोन, दक्षिणेला कूश, उत्तरेला अश्शूर. आणि तिसरा अध्याय उघडला की 'त्या जुलमी नगरीला हाय' म्हणताना बोट यरुशलेमाकडे. यशयाच्या रांगेतही २२वा अध्याय यरुशलेमावरच आहे, दोन परक्यांच्या मध्ये बसवलेला. ही जागा प्रत्येक संग्रहात शोधायची सवय लावून घ्या.

नावांचा गोंधळ इथेच मिटवा. मिसर म्हणजे इजिप्त, अश्शूर म्हणजे अ‍ॅसिरिया, बाबेल म्हणजे बॅबिलोन, सोर म्हणजे टायर, दिमिष्क म्हणजे दमास्कस, गज्जा म्हणजे गाझा, अराम म्हणजे दिमिष्काभोवतीचं राज्य. मवाब, अम्मोन आणि अदोम हे आजच्या जॉर्डनच्या पट्ट्यात, अदोम सगळ्यात खाली. कूश म्हणजे मुख्यतः आजच्या सुदानचा उत्तर भाग. जुन्या पुस्तकांत त्याला इथिओपिया म्हटलेलं असतं, त्याने फसू नका.

३. तारखांची चिठ्ठी बायबलमध्ये ठेवा

सगळ्या तारखा इसवी सनापूर्वीच्या:

७२२ – अश्शूरने शोमरोन घेतलं, उत्तरेचं राज्य संपलं.
७११ – अश्शूरच्या सर्गोनाने पलिष्ट्यांच्या अश्दोद शहराचं बंड मोडलं.
७०१ – अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदात घुसला. तिथलं लाखीश शहर पडलं, यरुशलेम वाचलं.
६१२ – मेदी आणि बाबेलच्या फौजांनी अश्शूरची राजधानी निनवे पाडलं.
६०५ – कर्कमीशला बाबेलच्या नबुखद्‌नेस्सराने मिसरी सैन्य मोडलं.
५८६ – यरुशलेम आणि मंदिर जळालं.
५३९ – पारसाच्या कोरेशाने बाबेल घेतलं.

हिचा उपयोग असा. नहूमाच्या तिसऱ्या अध्यायात निनवेला विचारलंय, 'तू नो-आमोनापेक्षा चांगली आहेस काय?' नो-आमोन म्हणजे मिसरातलं थेब्ज, ते अश्शूरने ६६३ च्या सुमारास लुटलं. म्हणजे हे बोल त्यानंतरचे. आणि निनवेचा पाडाव होण्याआधीचे मानले तर ६१२ च्या अलीकडे येत नाहीत. बहुतेक वाणींचा काळ असा आतल्या खुणांवरूनच काढता येतो. यशया १३ मध्ये मेदी लोक बाबेलवर चालून येतात. म्हणून बरेच अभ्यासक तो भाग बंदिवासाच्या काळातला (५८६ नंतर यहूदाचे लोक बाबेलात होते तेव्हाचा) मानतात, परंपरा मात्र आमोजाचा पुत्र यशया याचाच मानते. गटात यावरून जुंपली तर दोन्ही मतं वहीत लिहा आणि पुढे चला. एका संध्याकाळीत हे मिटत नाही.

४. ऐकणारा शोधा: यशया २० वर सराव

हा अध्याय अवघ्या सहा वचनांचा आहे, त्यामुळे सरावाला बरा. अश्शूरचा सेनापती अश्दोदवर येतो. त्या दिवसांत यशया तीन वर्षं उघडानागडा आणि अनवाणी फिरतो आणि म्हणतो, मिसर आणि कूशचे कैदी असेच नेले जातील. वर शीर्षक असतं मिसर-कूशविषयी. पण मिसरात हे बघायला कोण होतं? तो फिरत होता यहूदाच्या लोकांपुढे.

चिठ्ठी बघा: ७११. अश्दोदने अश्शूरविरुद्ध बंड केलेलं, आसपासच्या छोट्या राज्यांना सामील व्हायला बोलावणं गेलेलं, आणि सगळ्यांची भिस्त मिसर-कूशच्या मदतीवर. यरुशलेमात हिज्कीया राजाच्या दरबारात 'आपणही उतरायचं का' हा प्रश्न चालू असणार. सर्गोनाच्या शिलालेखांत पुढची हकिगत आहे: अश्दोदचा बंडखोर यामानी दक्षिणेकडे पळाला आणि कूशच्या राजाने त्यालाच बेड्या घालून अश्शूरच्या हवाली केलं. म्हणजे ही 'मिसरावरची' वाणी प्रत्यक्षात आपल्याच दरबाराला दिलेला परराष्ट्र धोरणाचा सल्ला होती: ज्याच्या जिवावर उडी मारताय तोच तुम्हाला विकेल.

आता १४व्या अध्यायाची शेवटची पाच वचनं वाचा, पलिष्ट्यांवरची. शेवटी प्रश्न आहे: त्या राष्ट्राच्या दूतांना काय उत्तर द्यायचं? दूत यरुशलेमात येऊन बसलेत, उत्तर मागतायत. १८व्या अध्यायात कूशचे दूत लव्हाळ्याच्या होड्यांतून येतात. एकदा हे दिसलं की यशया १३ ते २३ हा शापांचा ढीग राहत नाही. तिथे दरबाराचं दार किलकिलं उघडून आतली खलबतं ऐकू येतात.

प्रत्येक वाणीसाठी वहीत एवढंच लिहा: कोणावर, कोणापुढे, आरोप काय, शिक्षा कोणाच्या हातून, शेवटी काही आशा आहे का. एका रंगाने आरोप, दुसऱ्याने आशा. रंग लावल्यावर एक गोष्ट आपोआप दिसते: आरोपांत सर्वांत जास्त वेळा येतो तो गर्व.

५. हत्यार आणि हत्यार धरणारा हात वेगळे ठेवा

नव्या वाचकाला इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. यशया १० मध्ये अश्शूर हा देवाच्या रागाची काठी आहे. इस्राएलाला शिक्षा करायला देवानेच पाठवलेला. आणि त्याच अध्यायात अश्शूरलाही शिक्षा! हा कुठला न्याय?

१०:७ नीट वाचा. अश्शूरच्या मनात तसं नव्हतं. त्याच्या मनात होतं राष्ट्रं नामशेष करणं. पुढे तो स्वतःच्या तोंडाने फुशारकी मारतो: घरट्यातली सोडलेली अंडी गोळा करावीत तशी मी सगळी पृथ्वी गोळा केली, आणि कोणी पंख फडफडवला नाही. त्यावर उत्तर येतं, कुऱ्हाड तोडणाऱ्यापुढे बढाई मारील काय? शिक्षा आहे ती हातातलं हत्यार मालक बनल्याबद्दल.

यिर्मया २७ मध्ये याहून कडू घोट आहे. नबुखद्‌नेस्सर, जो थोड्याच वर्षांत मंदिर जाळणार, त्याला देव 'माझा सेवक' म्हणतो. यिर्मया मानेवर जू घेऊन फिरतो आणि अदोम, मवाब, अम्मोन, सोर, सीदोनच्या दूतांना निरोप देतो: बाबेलच्या जुवाखाली मान द्या. परक्या राष्ट्रांना थेट निरोप गेल्याच्या मोजक्या प्रसंगांपैकी हा एक आहे, खूण करून ठेवा. आणि त्याच यिर्मयाच्या पुस्तकात ५० आणि ५१ हे दोन अध्याय मिळून ११० वचनं बाबेलच्या नाशाची आहेत. ५१ च्या अखेरीस सराया नावाचा अधिकारी बाबेलला निघतो. त्याच्याजवळ ही गुंडाळी देऊन सांगितलंय की तिथे पोचल्यावर मोठ्याने वाच, मग दगड बांधून फरात नदीत फेक आणि म्हण, बाबेल अशीच बुडेल.

हबक्कूक हाच प्रश्न देवाला तोंडावर विचारतो: आमच्यापेक्षा वाईट माणसांच्या हातून आम्हाला शिक्षा, हे तू बघत कसा राहतोस? यशया १० झाल्यावर लगेच हबक्कूकचे पहिले दोन अध्याय घ्या. दुसऱ्या अध्यायातले पाच 'हाय' त्या खास्दी (म्हणजे बाबेलच्या) साम्राज्यावरचं आरोपपत्र आहेत, आणि त्यात लुटलेल्या लोकांच्या बरोबरीने तोडलेलं लबानोनचं रान आणि मारलेली जनावरंही येतात.

६. सोरची वाणी: इथे पळवाट काढू नका

यहेज्केल २६ ते २८ हे माझ्या मते या सगळ्या लिखाणातलं उत्तम काव्य. २७व्या अध्यायात सोर हे नगर एक जहाज बनून येतं. सनीराच्या देवदारांच्या फळ्या, लबानोनच्या गंधसरूची डोलकाठी, बाशानाच्या ओक लाकडाची वल्ही, मिसरी तागाचं शीड. मग मालाची यादी: तार्शीशाची चांदी, लोखंड, कथील, शिसं; यहूदा-इस्राएलाचे गहू, मध, तेल; ददानाची खोगिराची कापडं; आणि मध्येच, इतर मालाच्या ओळीत, माणसांचे जीव. इतकी प्रेमाने केलेली यादी, आणि शेवटी पूर्वेच्या वाऱ्याने जहाज समुद्राच्या मध्यभागी फुटतं. हा अध्याय सावकाश वाचा.

अडचण २६व्या अध्यायात आहे. तिथे म्हटलंय की नबुखद्‌नेस्सर सोरच्या भिंती पाडील, माल लुटील आणि नगर पुन्हा बांधलं जाणार नाही. सोरचा मुख्य भाग त्या वेळी बेटावर होता. योसेफस या इतिहासकाराच्या म्हणण्यानुसार वेढा १३ वर्षं चालला. बेट काही लुटलं गेलं नाही. ३३२ मध्ये अलेक्झांडरने समुद्रात भराव घालून ते घेतलं, म्हणून कोणी म्हणतात की वाणी तेव्हा पुरी झाली. पण त्यानंतरही नगर उभं राहिलं, नव्या करारातही ते आहे, आणि आज लेबनॉनमध्ये सूर नावाने नांदतंय.

काही मार्गदर्शकांत इथे बरीच कसरत असते. मी सांगेन, २९व्या अध्यायाचं १७वं वचन उघडा. तारीख दिलेली आहे, बंदिवासाच्या २७व्या वर्षातली. यहेज्केलच्या सगळ्या तारखांत ही शेवटची, म्हणजे ५७१ च्या सुमाराची, आणि ती मुद्दाम आधीच्या तारखांच्या मध्ये आणून बसवली आहे. तिथे लिहिलंय की नबुखद्‌नेस्सराने सोरविरुद्ध सैन्याकडून एवढी मेहनत करून घेतली की प्रत्येक डोक्याला टक्कल पडलं आणि प्रत्येक खांदा सोलवटला, तरी त्याला किंवा सैन्याला मजुरी मिळाली नाही; म्हणून आता मिसर त्याची मजुरी. आधीची वाणी खोडलेली नाही आणि नंतरची लपवलेली नाही, दोन्ही एकाच पुस्तकात तीन अध्यायांच्या अंतरावर ठेवल्या आहेत. जपून ठेवणाऱ्यांना जे झाकावंसं वाटलं नाही ते आपण झाकायचं कारण नाही.

याच्या जोडीला यिर्मया १८:७ ते १० वाचा. एखाद्या राष्ट्राविषयी मी उपटण्याचं बोललो आणि ते वळलं, तर मी योजलेल्या अनिष्टाविषयी अनुताप पावेन. बांधण्याचं बोललो आणि ते बिघडलं, तर उलट. सोरचा प्रश्न याने सुटतो असं नाही. पण या वाणी पंचांगातल्या ग्रहणासारख्या ठरलेल्या वेळेला घडायच्याच असतात, ही समजूत मात्र मोडते.

७. प्रत्येक वाणीचं शेवटचं वचन वाचल्याशिवाय पान उलटू नका

मवाबावरचा यिर्मयाचा ४८वा अध्याय ४७ वचनांचा, नुसती पडझड. शेवटचं वचन: तरी शेवटच्या दिवसांत मी मवाबाचा बंदिवास उलटवीन. अम्मोनालाही ४९:६ मध्ये तेच, एलामाला ४९:३९ मध्ये. अदोमाला तसं काही नाही, दिमिष्कालाही नाही. हा फरक वहीत दिसला पाहिजे.

यशया १५ आणि १६ मध्ये संदेष्टा मवाबासाठी रडतो. माझं अंतःकरण मवाबासाठी आक्रंदतं, म्हणतो. दिबोन, नबो, मेदबा, याहस अशी गावांची नावं एकामागून एक येतात. ती खरी गावं आहेत: १८६८ मध्ये दिबोनजवळ मवाबाचा राजा मेशा याचा शिलालेख सापडला, आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, त्यात ही चारही नावं आहेत. मेशा त्यात म्हणतो की इस्राएलाने मवाबाला छळलं कारण कमोश देव आपल्याच देशावर रागावला होता. म्हणजे राष्ट्रदेव आपल्या राष्ट्रावर चिडतो हा विचार शेजाऱ्यांकडेही होता. इस्राएली संदेष्ट्यांचं वेगळेपण कशात, हे मग आमोसाच्या मवाबापाशी जाऊन बघा: त्यांचा देव परक्याने परक्यावर केलेल्या अन्यायाचाही जाब मागतो.

आणि यशया १९ ची शेवटची तीन वचनं. मिसर आणि अश्शूर यांच्यामध्ये राजमार्ग होईल, आणि देव म्हणेल: माझे लोक मिसर, माझ्या हातची कृती अश्शूर, आणि माझं वतन इस्राएल आशीर्वादित असोत. 'माझे लोक' हा शब्द मिसराला! पहिल्यांदा वाचणारा हमखास वचनाचा क्रमांक पुन्हा तपासतो.

नेहमीचे खड्डे

आजच्या बातम्या जोडणं. दिमिष्क नगर राहणार नाही, नुसता ढिगारा होईल, हे यशया १७:१ सीरियातल्या यादवी युद्धाच्या वर्षांत मोबाइलवर गरगर फिरलं. तो अध्याय आठव्या शतकातल्या अरामविषयी आहे, जेव्हा अराम आणि उत्तरेकडचं इस्राएल यहूदाविरुद्ध एक झाले होते. म्हणूनच पुढच्याच वचनांत एफ्राइमाचाही, म्हणजे उत्तरेच्या इस्राएलाचाही, निकाल लागतो. ७३२ मध्ये अश्शूरने दिमिष्क घेतलं. आजच्या माणसांच्या घरांवर बॉम्ब पडताना हे वचन टाळी वाजवायला वापरणाऱ्याला आमोसाचे दोन अध्याय वाचायला द्या.

'प्रभातपुत्र' म्हणजे सैतान असं धरून चालणं. यशया १४ मधलं ते गाणं बाबेलच्या राजावरचं आहे, असं चौथ्या वचनातच सांगितलंय. सैतानाशी त्याची सांगड नंतरच्या ख्रिस्ती परंपरेने घातली. आधी राजा म्हणून वाचा.

यिर्मयाचे अध्याय जुळत नाहीत म्हणून घाबरणं. ग्रीक भाषांतरात, सेप्टुआजिंटमध्ये, राष्ट्रांवरच्या वाणी शेवटी नसून २५व्या अध्यायाच्या मध्ये आहेत, त्यांचा क्रमही वेगळा आणि पुस्तकही आखूड. तुमच्या भाष्यात क्रमांक वेगळे दिसले तर कारण बहुधा हे.

शेशख कुठे आहे ते नकाशावर शोधत बसणं. नाही सापडणार. यिर्मया २५:२६ आणि ५१:४१ मधलं ते नाव म्हणजे बाबेलच. हिब्रू वर्णमाला उलटी करून, पहिल्याच्या जागी शेवटचं अक्षर अशा रीतीने लिहिलेलं.

ओबद्या एकटा वाचणं. २१ वचनांचं पुस्तक, पाच मिनिटांत संपतं आणि नुसती सूडाची चव ठेवून जातं. यिर्मया ४९ मधला अदोमाचा भाग शेजारी उघडा. कित्येक ओळी जवळजवळ सारख्या आहेत. मग ११ ते १४ ही वचनं पुन्हा वाचा: यरुशलेम लुटलं जात असताना भाऊ अदोम दूर उभा राहून बघत होता, आणि पळणाऱ्यांना कापायला चौफुलीवर थांबला होता.

८. नहूम आणि योना एकाच बैठकीत घ्या

नहूम ४७ वचनं, योना ४८. मोठ्याने वाचायला दोन्ही मिळून तासभर पुरतो. आधी नहूम घ्या. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला चाबकांचा आवाज, चाकांचा खडखडाट, उधळलेले घोडे, प्रेतांचे ढीग, प्रेतांवर ठेचकाळणारी माणसं. ऐकणारं यहूदा अश्शूरला खंडणी भरून पिचलेलं होतं. सन्हेरीबाने लाखीशच्या पाडावाची शिल्पं निनवेतल्या आपल्या महालाच्या भिंतींवर कोरून घेतली होती. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यात खांबांवर टोचलेली आणि सोलली जाणारी माणसं दिसतात. त्यांची चित्रं गटाला आधी दाखवा. मग नहूमाचा आनंद कुठून येतो ते समजावून सांगावं लागत नाही. पुस्तक प्रश्नावर संपतं: तुझ्या सततच्या दुष्टतेचा तडाखा कोणाला बसला नाही?

मग योना. तीच निनवे. चाळीस दिवसांची मुदत, राजासकट सगळे गोणपाट नेसतात, जनावरंसुद्धा, आणि देव शिक्षा मागे घेतो. योनाला हे आवडत नाही. तो चौथ्या अध्यायात सरळ सांगतो की तू दयाळू आहेस हे ठाऊक होतं म्हणूनच मी पळालो. हेही पुस्तक प्रश्नावरच संपतं: ज्यांना उजवं-डावं कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं आणि पुष्कळ गुरं असलेल्या निनवेची मी कीव करू नये काय?

कोकणातून आलेल्या आपल्या बेने इस्राएल समाजाच्या सिनेगॉगमध्ये, जगभरच्या ज्यूंप्रमाणेच, योम किप्पूरच्या उपासाच्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत योनाचं पुस्तक वाचतात. त्या समाजातले कोणी ओळखीचे असतील तर या बैठकीला जरूर बोलवा.

क्रम उलटा करू नका. योना आधी वाचला की नहूम ऐकताना गटातले लोक त्याला कमी दर्जाचा ठरवून मोकळे होतात. नहूम आधी ऐकला, लाखीशची चित्रं बघितली, की योनाचा राग कुणाला पोरकट वाटत नाही आणि शेवटच्या प्रश्नावर खरी चर्चा होते. ती लांबते, म्हणून चहा मध्यंतरात न ठेवता शेवटी ठेवा.